जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर चेहरा कसा दिसेल? बाजूच्या चेहऱ्याचा अंदाज हाताने बांधताना

खालचा जबडा सहा मिलिमीटर मागे नेला, तर हनुवटीची कातडी साधारण साडेपाच मिलिमीटर मागे जाते. खालचा ओठ मात्र साडेचारच्या आसपास थांबतो. वरचा जबडा पाच मिलिमीटर पुढे आणला, तर वरचा ओठ तीन-साडेतीन मिलिमीटर पुढे येतो आणि नाकाचा शेंडा जेमतेम एक-दीड. हाड जितकं सरकतं तितकं वरचं मांस सरकत नाही, आणि हा हिशेब चेहऱ्याच्या प्रत्येक भागात वेगळा असतो. शस्त्रक्रियेनंतरचा चेहरा आधी कागदावर काढायचा, तर हा हिशेब हाताखालून गेलेला असावा लागतो.

मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे वाकडे दात आणि जबड्यांची ठेवण सुधारणारी दंतवैद्य. एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण, करणाऱ्या मुलामुलींना हे काम शिकवताना जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे. घरात कुणाची अशी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर तुम्हीही वाचा. डॉक्टर संगणकावर चेहरा हलवून दाखवतात, तेव्हा त्यामागे काय असतं आणि त्यातलं किती धरून चालायचं, हे त्यातून कळेल.

एक आग्रह मात्र आधीच सांगते. सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी निदान पहिल्या पंचवीस-तीस केसेसचा अंदाज पेन्सिलीने काढा. पडद्यावर माउसने जबडा ओढला की चेहरा आपोआप बदलतो आणि तो का बदलला हे विचारायचं राहून जातं. पेन्सिलीला मात्र दर मिलिमीटरला तुमच्याकडून उत्तर हवं असतं.

आधी ऐका, मग मोजा

पेशंट काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. "माझं नाक फार मोठं दिसतं" असं सांगत आलेल्या मुलीचं नाक पुष्कळदा अगदी ठीक असतं, हनुवटी आत असते. खालचा जबडा पुढे आला की नाकाला हात न लावता ते लहान वाटू लागतं. "माझे दात पुढे आहेत" म्हणणाऱ्याचा खरा प्रश्न कधी वरच्या जबड्याच्या उंचीचा असतो. अंदाज दाखवताना याच वाक्यावर परत यायचं आहे, म्हणून ते जपून ठेवा.

मग समोरून चेहरा मोजा. बाजूच्या एक्स-रेत यातलं बरंचसं दिसतच नाही. ओठ सैल असताना वरचे पुढचे दात किती दिसतात, ते मिलिमीटरची पट्टी लावून पाहा. तरुण माणसात हे दोन ते चार मिलिमीटर असतं, बायकांत थोडं जास्त. दोन ओठांमधली फट, हसताना दिसणारी हिरडी, नाकपुड्यांची रुंदी, दातांची मधली रेघ चेहऱ्याच्या मध्याशी जुळते की नाही, हे सगळं लिहा. या सगळ्यात दात किती दिसतात हा आकडा सर्वांत मोलाचा आहे. पुढची आखणी त्याच्यावरच उभी राहते.

ओठ सैल करा म्हटलं की माणसं उलट ते आवळतात. मी पेशंटला हळूच "मामा" म्हणायला सांगते आणि शेवटच्या अक्षरानंतर तोंड जसं राहील तसंच सोडून द्यायला सांगते. हे तीनदा करते. तिन्ही वेळा आकडा जवळपास सारखा आला तरच तो लिहिते.

एक्स-रेतली चूक शेवटपर्यंत सोबत येते

बाजूच्या एक्स-रेला आपण सेफॅलोग्राम म्हणतो. डोकं ठरावीक जागी स्थिर धरून तो काढायची पद्धत १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट यांनी आणि जर्मनीत होफ्राथ यांनी मांडली. आपला सगळा हिशेब आजही त्यावरच चालतो. एक्स-रे काढताना तीन गोष्टी स्वतः उभं राहून पाहा.

पहिली, डोकं. पेशंटने समोरच्या आरशात स्वतःच्या डोळ्यांत पाहावं आणि एरवी उभा राहतो तसं उभं राहावं. खालचा जबडा पुढे असलेली माणसं सवयीने मान खाली घालून उभी राहतात आणि हनुवटी आत असलेली ती वर उचलतात. यंत्राच्या कानातल्या दांड्यांनी डोकं दुसऱ्याच कोनात बसलं, तर जबडा दोन-तीन मिलिमीटरने पुढे-मागे भासतो. शक्य असेल तर चित्रात ओळंब्याची साखळी येऊ द्या, म्हणजे खरी उभी रेषा हाताशी राहते.

दुसरी, चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते. खालचा जबडा सांध्यात नीट बसलेला हवा. उलटा चावा, म्हणजे खालचे दात वरच्यांच्या पुढे, असलेल्या काही पेशंटचे पुढचे दात एकमेकांवर आधी टेकतात आणि मग जबडा घसरून पुढे जातो. ती घसरगुंडी एक्स-रेत आली, तर नसलेला दोष तुम्ही दुरुस्त करायला निघाल.

तिसरी, ओठ. इथे मला माझी एक चूक सांगायलाच हवी.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे लांबट चेहऱ्याची एक मुलगी आली. हसली की बोटभर हिरडी दिसायची, आणि ती हसताना हात तोंडावर न्यायची. तिचा एक्स-रे बाहेरून काढून आला. त्यात तिने ओठ घट्ट मिटलेले होते आणि माझ्या ते लक्षात आलं नाही. मिटलेला वरचा ओठ ताणून लांब झाला होता, त्यामुळे दात कमी झाकायचे आहेत असं वाटलं. हनुवटीचा स्नायू आवळल्यामुळे तिथलं मांसही पातळ दिसत होतं. त्या चित्रावरून आम्ही वरचा जबडा तीन मिलिमीटर वर घ्यायचं ठरवलं. खरी गरज पाचची होती. शस्त्रक्रिया उत्तम झाली, चावा जुळला, तिने कधी तक्रार केली नाही. पण वर्षभरानंतर तपासणीला आली तेव्हा बोलता बोलता हसली आणि तिचा हात आपोआप तोंडाकडे गेला. तेव्हापासून ओठ मिटलेला एक्स-रे मी परत पाठवते आणि दात दिसण्याचा आकडा फिल्मवरून कधीच घेत नाही. तो चेहऱ्यावरच मोजते.

एक्स-रेत मोजपट्टी आली आहे का तेही पाहा. बहुतेक यंत्रांत चित्र थोडं मोठं येतं, आठ-दहा टक्क्यांचा फरक सहज पडतो. प्रिंट काढणार असाल तर प्रिंटरने चित्र कागदात बसवण्यासाठी लहान केलेलं नाही ना, हे त्याच पट्टीवर खरी पट्टी ठेवून तपासा.

ट्रेसिंग

ट्रेसिंग म्हणजे एक्स-रेवरून गिरवून काढलेलं चित्र. व्ह्यू बॉक्सवर, म्हणजे आत दिवा असलेल्या पेटीवर फिल्म, तिच्यावर मॅट ॲसिटेट, म्हणजे पेन्सिल उठेल असा पारदर्शक कागद, वरच्या दोन कोपऱ्यांना चिकटपट्टी आणि हातात टोक केलेली ३एच पेन्सिल. कपाळापासून गळ्यापर्यंतची कातडीची रेघ एका दमात काढा. मग कवटीचा तळ, वरचा जबडा, खालचा जबडा, पुढचे दात आणि दाढा. ही मूळ ट्रेसिंग कायम काळीच राहू द्या.

आता दोन छोटे तुकडे वेगळ्या ॲसिटेटवर काढून घ्या. एक वरच्या जबड्याचा, दातांसकट. दुसरा खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाचा, दात आणि हनुवटीसकट. हे तुमचे टेम्प्लेट. शस्त्रक्रियेत सर्जन जिथे हाड कापणार, तिथेच टेम्प्लेट कापलेला हवा. वर लफोर्ट एक ही चीर असते, नाकाच्या बुडाशी आडवी. खाली जबड्याच्या दोन्ही बाजूंची उभी फाक, जी ट्राउनर आणि ओबवेगेसर या सर्जननी १९५७ मध्ये मांडली. त्या फाकेत दातांचा भाग पुढे-मागे सरकतो आणि सांध्याकडचा भाग जागच्या जागी राहतो. कागदावरही सांध्याकडचा भाग हलवायचा नाही.

हाडांआधी दात

हा टप्पा गाळला तर पुढचं सगळं चुकतं, आणि नवशिके तो हमखास गाळतात.

जबडे एकमेकांपासून लांब गेले की दात आपल्या परीने ती दरी भरून काढतात. खालचा जबडा पुढे असेल तर खालचे दात आत झुकतात आणि वरचे बाहेर. शस्त्रक्रियेआधी तारा लावून आपण हे झुकलेले दात सरळ करतो. त्यामुळे चावा आणखी बिघडतो आणि चेहराही. अंदाज बांधायचा तो या सरळ केलेल्या दातांवर.

माझ्याकडचा एक बावीस वर्षांचा मुलगा उदाहरणाला घेते. आकडे सोपे करून मांडते. खालचा जबडा पुढे, नाकाच्या दोन्ही बाजूंचा गाल सपाट. आला तेव्हा खालचे दात वरच्यांपेक्षा सहा मिलिमीटर पुढे होते. दात सरळ झाल्यावर ते नऊ होणार, हे ट्रेसिंगवर आधीच काढलं होतं. त्या दिवशीच त्याला आणि त्याच्या आईला मी सांगितलं की साधारण वर्षभर चेहरा आत्तापेक्षा वाईट दिसेल, कॉलेजात लोक विचारतील, आणि ते ठरल्याप्रमाणेच असेल. हे आधी सांगितलेलं नसेल, तर सहाव्या महिन्यात आई काळजीने येते आणि तिचं म्हणणं बरोबरच असतं.

हाडं हलवण्याचा क्रम

सुरुवात नेहमी वरच्या पुढच्या दातापासून करा. तो किती वर, किती पुढे, कोणत्या कोनात, हे चेहऱ्यावर घेतलेल्या आकड्यावरून ठरवा. तो दात बसला की वरचा जबडा त्याच्यामागे जातो, खालचा जबडा वरच्याशी जुळतो आणि उरलेलं हनुवटीवर ठरतं. उलट दिशेने, म्हणजे हनुवटीपासून सुरुवात केली, तर चावा जुळतो पण हसू बिघडतं.

या बावीस वर्षांच्या पेशंटला ओठ सैल असताना तीन मिलिमीटर दात दिसत होते, म्हणजे उंची ठीक होती. चावा नऊ मिलिमीटर उलटा, आणि शेवटी वरचे दात खालच्यांपुढे दोन मिलिमीटर हवेत. एकूण अकरा मिलिमीटर भरून काढायचे. सगळे अकरा खालचा जबडा मागे नेऊन भरता आले असते, पण तसं केलं असतं तर गाल सपाटच राहिले असते, हनुवटीखाली मांस गोळा झालं असतं आणि जिभेमागची श्वासाची वाटही अरुंद झाली असती. म्हणून वरचा पाच पुढे, खालचा सहा मागे. लाल पेन्सिलीने दोन्ही टेम्प्लेट नव्या जागी ठेवून कडा काढल्या.

वरचा जबडा वर घ्यायचा असेल तर आणखी एक गोष्ट घडते. खालचा जबडा सांध्याभोवती दारासारखा फिरून मिटतो आणि हनुवटी वर आणि पुढे येते. टेम्प्लेटमध्ये सांध्याच्या टोकावर कंपासची सुई टोचा, पूर्ण खालचा जबडा वरच्या दातांना टेकेपर्यंत फिरवा आणि मग हनुवटी कुठे आली ते मोजा. फिरण्याचा खरा केंद्रबिंदू थोडा इकडेतिकडे असतो, पण चार-पाच मिलिमीटरच्या हालचालीला ही सुई पुरेशी आहे. कितीतरी वेळा असं होतं की फक्त हे फिरणं काढून पाहिल्यावर खालच्या जबड्याची शस्त्रक्रिया लागतच नाही असं दिसतं.

वर घेण्याचा आकडा ठरवताना हेही लक्षात ठेवा की ओठही थोडा वर जातो. जबडा पाच मिलिमीटर वर गेला की ओठ साधारण एक मिलिमीटर आखडतो, कधी दीड-दोनसुद्धा. म्हणून सात मिलिमीटर दिसणारे दात तीनवर आणायचे तर चार पुरत नाहीत, पाच लागतात. मात्र जास्त घेणं हा कमी घेण्याहून मोठा दोष आहे. दात ओठाआड गेले की तरुण माणूसही म्हातारा दिसतो.

आता मांस

कातडीची नवी रेघ नाकाच्या शेंड्यापासून खाली काढत जा. हाड पुढे गेलं की मांस किती जातं याचे गुणोत्तर पाठ असावेत, पण ते मधले आकडे आहेत. माणसागणिक ते बदलतात.

वरचा जबडा पुढे आला तर नाकाचा शेंडा पाव ते एकतृतीयांश पुढे येतो आणि किंचित वर उचलला जातो. नाकाच्या बुडाशी, जिथे नाक आणि ओठ भेटतात, तिथे साधारण निम्मं. ओठाच्या लाल भागाशी हाडाच्या ०.५ ते ०.८ पट. एवढी तफावत का, तर ओठाची जाडी आणि टाके. पातळ ओठ दाताला चिकटून जातो. जाड ओठ थोडी हालचाल स्वतःत जिरवून टाकतो. आपल्याकडे भरलेले ओठ बरेच दिसतात, त्यामुळे मी सहसा खालच्या बाजूचा आकडा धरते. दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया लहानपणी झालेली असेल तर यातलं काहीच धरू नका. व्रणाचा ओठ ताठ असतो आणि तो कोणत्याच गुणोत्तरात बसत नाही.

खालच्या जबड्याला हनुवटी जवळजवळ पूर्ण साथ देते, ०.९ ते १. ओठ आणि हनुवटीमधली खाचही तशीच. खालचा ओठ मात्र स्वतंत्र वृत्तीचा. तो फक्त खालच्या दातांवर टेकलेला नसतो, वरच्या दातांचाही त्याला आधार असतो, आणि स्नायू, जाडी, सवय यांचाही त्यावर ताबा असतो. जबडा मागे नेताना तो ०.६ ते ०.९ जातो. जबडा पुढे आणताना तर गुणोत्तर लावण्याआधी तो मोकळा करून काढावा लागतो. वरच्या दातांखाली अडकून बाहेर वळलेला ओठ, खाली खोल खाच, हे चित्र हनुवटी आत असलेल्या पेशंटमध्ये नेहमी दिसतं. वरचे दात त्याच्यावरून बाजूला झाले की ओठ उलगडतो, उभा होतो, आणि खाच उथळ होते. ट्रेसिंगवर हा उलगडा आधी काढा, मग पुढे सरकवा.

फक्त हनुवटीचं हाड कापून पुढे घेतलं तर मांस ०.८ ते ०.९ येतं. हनुवटीचा हा निर्णय सर्वांत शेवटी घ्या, कारण जबडे हलल्यावर ती पुष्कळदा आपोआप जागेवर येते.

आमच्या मुलाचं बघा. नाकाच्या बुडातून जाणारी खरी उभी रेषा घेतली. अमेरिकन सर्जन आर्नेट यांनी १९९९ मध्ये मांडलेली पद्धत हीच आहे. शस्त्रक्रियेपूर्वी वरचा ओठ त्या रेषेच्या दीड मिलिमीटर पुढे, खालचा साडेसहा पुढे, हनुवटी पाच पुढे. वरचा ओठ पाचला ०.७ धरून साडेतीन पुढे आला. खालचा सहाला ०.७५ धरून साडेचार मागे. हनुवटी साडेपाच मागे.

इथे विद्यार्थी हमखास फसतात. नाकाचं बूड अडीच मिलिमीटर पुढे आलं, म्हणजे ती उभी रेषाही अडीच पुढे सरकली. प्रत्येक आकड्यातून तेवढे वजा करायला हवेत. तसं केल्यावर वरचा ओठ रेषेच्या अडीच पुढे, खालचा अर्धा मिलिमीटर मागे, हनुवटी तीन मागे. हे चांगल्या प्रमाणाच्या अगदी जवळ आहे. रेषा जुनीच ठेवून कुणी हिशेब केला असता, तर हनुवटी अजून मागे न्यायला हवी असं वाटलं असतं आणि पुढाकार घेणारा एखादा उत्साही डॉक्टर तिचं हाडही कापायला निघाला असता.

प्रमाणाचे जे तक्ते पुस्तकांत आहेत, मग ते आर्नेटचे असोत की लेगन आणि बर्स्टन यांचे १९८० चे, ते गोऱ्या अमेरिकन चेहऱ्यांवरून केलेले आहेत. आपल्या मुलामुलींच्या ओठांचा भरलेपणा त्या तक्त्यात दोष ठरतो. तक्ता बाजूला ठेवून त्या पोराच्या आईबापांकडे एकदा पाहा. त्याचं नाक, त्याचा ओठ कुठून आला ते कळेल, आणि किती बदलायचं तेही.

एक रेघ नको, पट्टा काढा

इतकं झाल्यावर एक सुरेख लाल रेघ तयार होते, आणि तीच सर्वांत जास्त दिशाभूल करते. म्हणून मी दोन रेघा काढते. एक प्रत्येक गुणोत्तराच्या खालच्या टोकाची, दुसरी वरच्या टोकाची. मधली जागा फिकट पेन्सिलीने भरते. आमच्या मुलाच्या चित्रात हा पट्टा हनुवटीपाशी अर्ध्या मिलिमीटरचा होता, वरच्या ओठापाशी दीड मिलिमीटरचा आणि खालच्या ओठापाशी जवळजवळ दोनचा. पट्टा जिथे रुंद, तिथे आपलं ज्ञान कमी. पेशंटला हे एका नजरेत कळतं, समजावून सांगावं लागत नाही.

सॉफ्टवेअर कुठे उपयोगी

डॉल्फिनसारखी सॉफ्टवेअर ट्रेसिंग फोटोवर चढवून फोटोच ओढून बदलतात. सर्जनसोबत तीन-चार पर्याय शेजारी ठेवून बोलायला याहून सोयीचं काही नाही. पण आत गुणोत्तरंच असतात, आणि कोणाच्या तरी पेशंटवरून काढलेली. ती बदलता येतात. सेटिंगमध्ये जाऊन बघा, आणि तुमच्या स्वतःच्या पूर्ण झालेल्या केसेसवर आधी चालवून पाहा. दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक सहसा चालण्याजोगा मानतात, पण खालच्या ओठापाशी सॉफ्टवेअरही अडखळतं.

सीबीसीटी, म्हणजे जबड्यांचा थ्रीडी स्कॅन, आणि चेहऱ्याचा थ्रीडी फोटो जोडून केलेला अंदाज वाकड्या चेहऱ्यासाठी आवश्यकच आहे. हनुवटी एका बाजूला गेलेली असेल तर बाजूच्या चित्रात काहीच कळत नाही. मात्र झोपून स्कॅन काढला असेल तर गालाचं मांस मागे ओघळलेलं असतं, आणि हनुवटीला टेकू दिलेला असेल तर ती दाबलेली असते. असा चेहरा कुणी आरशात पाहत नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये काय बदलतं

अंदाज बांधण्यापूर्वी सर्जनला चार प्रश्न विचारा. वरचा ओठ शिवताना व्ही-वाय पद्धतीने, म्हणजे टाक्यांची रेघ इंग्रजी Y सारखी होईल असं, शिवणार का? तसं शिवल्याने ओठाची लांबी आणि भरलेपणा टिकतो. साधं शिवलं तर ओठ पातळ होऊन लाल भाग आत जातो. नाकपुड्यांच्या बुडाशी आवळून टाका घेणार का? वरचा जबडा पुढे किंवा वर गेला की नाकपुड्या पसरतात, दोन-तीन मिलिमीटर सहज. आधीच रुंद नाक असलेल्या मुलीला हे आधी सांगितलंच पाहिजे. नाकाच्या बुडाशी असलेलं हाडाचं टोक घासणार का? घासलं तर नाकाचा शेंडा कमी उचलला जातो. आणि चौथा, हनुवटीचे स्नायू परत कसे बांधणार?

हाड परत सरकण्याचाही विचार करा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ऑर्थोडॉन्टिस्ट प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणती हालचाल किती टिकते याचा क्रम लावून दिला आहे. वरचा जबडा वर घेणं सर्वांत टिकाऊ. बुटक्या किंवा साधारण उंचीच्या चेहऱ्यात खालचा पुढे घेणंही टिकाऊ. खालचा मागे नेणं आणि वरचा खाली आणणं त्यामानाने कमी टिकतं, आणि वरचा जबडा रुंद करणं सर्वांत कमी. खालचा मागे न्यायचा असेल, तर मी अंदाजाच्या पट्ट्याची पुढची कड अर्धा-एक मिलिमीटर आणखी पुढे ठेवते.

पेशंटसमोर

आपला बाजूचा चेहरा आपल्याला स्वतःला कधी दिसत नाही. म्हणून अंदाज दाखवण्याआधी मी पेशंटच्याच मोबाइलवर त्याचा बाजूने बोलतानाचा छोटा व्हिडिओ काढून त्याला दाखवते. पुष्कळ जण तो पाहून गप्प होतात. त्यांना थोडा वेळ द्या. त्यानंतर ट्रेसिंग त्याच्या हातात द्या, पट्टा दाखवा, आणि पहिल्या दिवशी लिहून ठेवलेलं त्याचं वाक्य वाचून दाखवा. "तू म्हणालास, हनुवटी चंद्रकोरीसारखी दिसते. ती एवढी मागे जाईल. ओठाचं मात्र एवढं मागेपुढे होऊ शकतं." बदललेला फोटो द्यायचा असेल तर त्यावर हा अंदाज आहे असं लिहून द्या, आणि संमतीपत्रातही तसं नोंदवा.

तारखेचं स्पष्ट बोला. सूज पहिल्या दीड-दोन महिन्यांत बरीचशी उतरते, पण उरलेली जायला सहा महिने ते वर्ष लागतं. ओठांचा बधिरपणाही काही काळ राहतो, खालच्या ओठाचा कधी कायमचा. तीन महिन्यांवर साखरपुडा असेल तर आत्ता शस्त्रक्रिया नको, हे मुलीच्या बाबांना समोर बसवून सांगा. आणि पहिल्या आठवड्यातला सुजलेला चेहरा कसा दिसतो त्याचे फोटो घरच्यांना आधीच दाखवा, संबंधित पेशंटची परवानगी घेऊन. आयसीयूच्या काचेतून पहिल्यांदा पाहताना आईच्या पोटात गोळा येतो, तो त्यामुळे निदान थोडा हलका होतो.

पेशंट एखाद्या नटाचा फोटो घेऊन आला, किंवा अर्ध्या मिलिमीटरसाठी पुन्हा पुन्हा अडून बसला, तर घाईने तारीख देऊ नका. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेणं हा उपचाराचाच भाग आहे.

वर्षानंतर

तारा निघाल्या की ओठ पुन्हा थोडे मागे बसतात, म्हणून तुलनेचा एक्स-रे दातांवरचे ब्रॅकेट, म्हणजे तारा अडकवायच्या चकत्या, काढून झाल्यावर, शस्त्रक्रियेला किमान सहा महिने आणि शक्यतो वर्ष होऊन गेल्यावर काढा. तसंच डोकं, तसाच सैल ओठ. नवी ट्रेसिंग जुनीवर कवटीच्या तळाशी जुळवून ठेवा. ती रेषा हलत नाही. मग अंदाजाचा पट्टा तिच्यावर ठेवा आणि नाकाचा शेंडा, वरचा ओठ, खालचा ओठ, हनुवटी असे चार फरक वहीत लिहा. ओठाची जाडी आणि सर्जनने टाके कसे घेतले हे त्याच ओळीत लिहा, नाहीतर पाच वर्षांनी त्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

त्या मुलाची हनुवटी उभ्या रेषेच्या तीनऐवजी अडीच मिलिमीटर मागे आली, म्हणजे खालचा जबडा अगदी थोडा परत पुढे आला होता. खालचा ओठ पट्ट्यातच होता, पुढच्या कडेजवळ. वरचा ओठ साडेतीन येईल असं मी धरलं होतं, तो तीनच आला. त्याचा ओठ जाड होता आणि मी ते पुरेसं धरलं नव्हतं. पुढच्या महिन्यात तशाच जाड ओठांची एक मुलगी आली, तेव्हा मी वरच्या ओठाला ०.७ ऐवजी ०.६ धरलं.